मायक्रोअँपिअर मोजायचाय: साधा मल्टिमीटर, महागडा मीटर की एक किलोओहमचा रेझिस्टर?

सोयाबीनच्या शेतात ठेवायचा ओलावा-सेन्सर असो की कॉलेजचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, बॅटरीवर चालणारं काही करायला घेतलं की प्रश्न येतोच: बोर्ड झोपेत, म्हणजे काम नसताना, किती करंट खातो आणि तो मोजायचा कशानं? इंदूरच्या महाराणी रोडवर विचारलंत तर "इसमें सब नाप लेंगे" म्हणत कुठलाही मीटर हातात ठेवला जाऊ शकतो. त्या 'सब'मध्ये मायक्रोअँपिअर असेलच असं नाही, म्हणून पैसे देण्याआधी डायल नीट बघा.

मायक्रोअँपिअर म्हणजे अँपिअरचा दहा लाखावा भाग. हजार मायक्रोंचा एक मिलि, आणि एका मायक्रोत हजार नॅनो. बॅटरीच्या हिशेबात हा फरक चटकन कळतो. सीआर२०३२ या बटण-सेलची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास असते. सर्किट १० मायक्रोअँपिअर घेत असेल तर कागदावर तो सेल अडीच वर्षं पुरतो. १०० घेत असेल तर तीन महिन्यांत संपतो. ईएसपी३२ ही वाय-फायवाली मायक्रोकंट्रोलर चिप डीप स्लीपमध्ये (गाढ झोपेत) १० मायक्रोच्या आसपास घेते, पण तीच डेव्हलपमेंट बोर्डावर बसली की रेग्युलेटर, यूएसबी चिप आणि पॉवरचा एलईडी मिळून आकडा कितीतरी वर जातो. डेटाशीटवर, म्हणजे चिपच्या माहितीपत्रकावर, विसंबून चालत नाही, मोजावंच लागतं.

दोन-तीनशे रुपयांच्या ८३० जातीच्या पिवळ्या मल्टिमीटरवर बहुधा २००० मायक्रोची रेंज असते. ती एक-एक मायक्रो दाखवते, म्हणजे ५० किंवा १०० मायक्रो मोजायला पुरेशी आहे. अडचण वेगळीच आहे. या रेंजमध्ये मीटरच्या आत सुमारे १०० ओहमचा रेझिस्टर करंटच्या वाटेत येतो. बोर्ड झोपेत आहे तोवर काही बिघडत नाही. पण तो जागा होऊन ८० मिलिअँपिअर मागू लागला, की त्या १०० ओहमवर ८ व्होल्ट पडायला हवेत, आणि तुमचा सेल तर ३ व्होल्टचा! बोर्ड रीसेट होतो, पुन्हा जागा होतो, पुन्हा रीसेट. मग माणूस प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो.

म्हणून मला स्वतःला रेझिस्टरचा मार्ग सगळ्यांत पटतो. एक टक्का टॉलरन्सचा १ किलोओहम बॅटरीच्या वाटेत जोडा आणि त्याच्या दोन टोकांवर मीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर लावा. एक मिलिव्होल्ट म्हणजे एक मायक्रोअँपिअर, गुणाकार-भागाकार काही नाही. स्वस्त मीटरही इथे ०.१ मिलिव्होल्ट दाखवतो, म्हणजे ०.१ मायक्रो दिसला. रेझिस्टरला समांतर एक छोटा स्विच टाका: बोर्ड सुरू होताना तो ऑन ठेवा म्हणजे करंट स्विचमधून जाईल, आणि बोर्ड झोपला की ऑफ करा. २० मायक्रोला फक्त २० मिलिव्होल्ट कमी होतात, ते सर्किटला जाणवतही नाहीत. खर्च काही रुपयांचा, आणि करंट म्हणजे नक्की काय मोजतोय हे डोळ्यांसमोर राहतं.

महागडा मीटर घेणार असाल तर नावावर जाऊ नका. फ्लूक ११७ वायरिंगच्या कामाला उत्तम, पण त्याच्या करंटच्या रेंज अँपिअरच्या आहेत. सर्वांत लहान पायरी एक मिलिअँपिअर. त्याच मालिकेतल्या ११६ वर मात्र ६०० मायक्रोची रेंज आहे, कारण तो बर्नरच्या ज्योतीचा सेन्सर तपासणाऱ्यांसाठी बनवलाय आणि तिथला करंट मोजक्या मायक्रोंचा असतो. रोज हेच काम करणाऱ्यानं फ्लूकच्याच ८७-५ सारखा ०.१ मायक्रोची पायरी असलेला मीटर घ्यावा. फक्त एक लक्षात असू द्या: त्याच्याही मायक्रो रेंजमध्ये मायक्रोअँपिअरमागे १०० मायक्रोव्होल्ट पडतात, म्हणजे तेच १०० ओहम. वरचे पैसे अचूकता, सुरक्षितता आणि टिकाऊपणाचे.

वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर या कामासाठी घेऊच नका. लीकेजसाठीचा (गळती मोजायचा) खास क्लॅम्पसुद्धा साधारण मिलिअँपिअरच्या जगातला. आणि ईसीजीसारख्या उपकरणाची गळती तपासायची असेल तर घरगुती जुगाड नको. थेट हृदयाशी जोडल्या जाणाऱ्या भागासाठी नेहमीच्या स्थितीत १० मायक्रोअँपिअर ही मर्यादा आहे. तिथे सेफ्टी ॲनालायझरच हवा.

राहिला पिकोअँपिअर, म्हणजे नॅनोचा हजारावा भाग. एका पिकोत सेकंदाला सुमारे ६२ लाख इलेक्ट्रॉन वाहतात. इंदूरच्या कॅटमधल्या (आताचं आरआरकॅट, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र) इंडस-२ या सिंक्रोट्रॉनसारख्या यंत्राभोवती, जिथे किरणं मोजणाऱ्या आयन चेंबर आणि फोटोडायोडचे करंट मोजायचे असतात, तिथे कीथ्ली ६४८५ सारखा पिकोअँमीटर शोभतो. सेन्सरवाल्याला तो नको. पण तुमचं मोजमाप नॅनोपर्यंत उतरलंच, तर मीटर बदलण्याआधी बोर्ड आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं धुवून कोरडा करा. सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्स आणि बोटांचा ओशटपणा पावसाळ्याच्या दमट हवेत स्वतःच काही नॅनोअँपिअर वाहून नेतात, आणि आपण ते चिपच्या नावावर लिहितो.