‘मोफत हृदय तपासणी’ साडेअठरा हजारांना पडली

सांगली जिल्ह्यातलं आमचं गाव. मंदिराच्या सभागृहात ‘मोफत संपूर्ण शरीर तपासणी’ शिबिर लागलं आणि आई शेजारच्या काकूंसोबत गेली. वय ७१. चालताना दम लागायचा, छातीत जड वाटायचं, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. घरात सगळ्यांचं एकच, ‘वयोमानानं होतं.’

तिथं मुठीत धरायला एक धातूची दांडी दिली, तिची वायर लॅपटॉपला. वय, उंची, वजन भरलं आणि मिनिटाभरात रंगीत रिपोर्टची चळत बाहेर आली: यकृत, हाडं, व्हिटॅमिन आणि लाल खुणेसह ‘हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा’. दांडी धरून रक्तवाहिन्यांतलं काहीही कळत नाही. मनगटाला मात्र कुणी बोटही लावलं नाही!

आईनं आपणहून सांगितलं, घरच्या बीपी मशीनवर नाडीचा आकडा ४१ येतोय. पांढऱ्या कोटातला हसून म्हणाला, “आजी, सेल उतरलेत मशीनचे. आणि नाडी संथ असलेली चांगलीच की, योग्यांची अशीच असते.” बसल्या जागी नाडी साधारण ६० ते १०० असते. व्यायामपटूंची किंवा झोपेत कमी असते, बीपीच्या काही गोळ्यांनीही उतरते. पण म्हाताऱ्या माणसाची नाडी चाळीसच्या आसपास आणि वर चक्कर, म्हणजे त्याच दिवशी ईसीजी. तो तालुक्याच्या गावीही काही मिनिटांत निघतो.

‘बायपास टाळा’ म्हणत पावडरचे डबे आणि रसाच्या बाटल्या गळ्यात मारल्या. आज घेतलं तर सूट, म्हणून साडेअठरा हजार रोख. बिल नाही, चिठ्ठीवर फक्त मोबाईल नंबर. डबा नंतर नीट बघितला. आयुर्वेदिक औषधावर असतो तो उत्पादन परवाना क्रमांक कुठंच नव्हता, होता तो एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी. म्हणजे कागदोपत्री हा खाण्याचा पदार्थ.

थकवा वाढल्यावर आईनं फोन केला. उत्तर आलं, “शरीरातली घाण बाहेर पडतेय, डोस वाढवा.” त्यानंतर ती मोरीत कोसळली.

मिरजेला नेलं. ईसीजीत पूर्ण हार्ट ब्लॉक निघाला: वरच्या कप्प्यांकडून येणारा विजेचा इशारा खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतच नव्हता, ते आपले स्वतःच्या संथ गतीनं चालले होते. त्याला पावडर काय करणार? रात्रीच तात्पुरता पेसमेकर (हृदयाला विजेचा इशारा देणारं यंत्र) लावला, मग कायमचा, गळपट्टीच्या हाडाखाली, फक्त तेवढी जागा बधिर करून. अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या मोकळ्या. ज्या अडथळ्याचे पैसे घेतले, तो नव्हताच.

त्या माणसाचा फोन बंद आहे. मंदिर समिती म्हणते, आम्ही फक्त हॉल भाड्यानं दिला. तरी तक्रार केलीय. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या यादीत हृदयविकार आहेत, त्यांवर औषध म्हणून जाहिरात करणं हाच गुन्हा. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००२२२३६५, ग्राहक हेल्पलाइन १९१५. बिल नसलं तरी शिबिराचं पत्रक, डबा, चिठ्ठी फेकू नका. आमचं पत्रक काकूंनी कडधान्याच्या डब्यात तळाला अंथरलं होतं. तेच तक्रारीला जोडलं.