दुनळी चांगली आहे, पण कडी वाजते : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

कडी वाजते. नऊ महिने झाले, दोन पट्टे बदलले, तेल घातलं, दोरा गुंडाळला, तरी माझ्या दुनळीच्या, म्हणजे दोन नळ्यांच्या बंदुकीच्या, नळीखाली खांद्याचा पट्टा जिथे अडकतो ती कडी वाजतेच. आवाज मोठा नाही. चहा ढवळताना चमचा एकदा कपाच्या कडेला लागावा, तेवढाच. भांडुपच्या फ्लॅटमध्ये पंखा चालू असला की ऐकूही येत नाही. पण कणकवलीकडच्या रानात, रात्री दीड वाजता, मचाणावर श्वाससुद्धा जपून घेत बसलेल्या माणसाने जरा खांदा सैल केला आणि ती वाजली, की देवळातली घंटा कोणी ओढली असं वाटतं. जीएसटीसकट बंदुकीचे नेमके किती मोजले ते घरी अजून पूर्ण सांगितलेलं नाही. तेवढ्या पैशांत एक कडी धड बसवता येऊ नये?

नळीची लांबी, वजन वगैरे दुकानात कोणीही सांगेल, म्हणून ते इथे लिहीत नाही. एक मात्र आधीच सांगतो, कारण "शिकार चालते का?" असं विचारणारे विचारतातच. हौसेची शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आता बंद आहे आणि मला तिचं काही वाईट वाटत नाही. आमच्या आबाकाकांची भातशेती रानाला लागून आहे. रानडुकरांनी नासधूस केली म्हणून त्यांनी वनखात्याकडे रीतसर अर्ज केला, परवानगी आली, तीत माझं नाव आणि परवान्याचा नंबर आहे. तो कागद खिशात नसेल तर मी मचाणावर चढत नाही. तुम्हीही चढू नका.

आता दुनळीच का, हे. आमचे दादा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले तेव्हापासून घरात ३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतलं माप) रायफल आहे. ती वारसाने माझ्या नावावर आली. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर दोनच शस्त्रं ठेवता येतात, म्हणजे एक जागा रिकामी होती. आबांची ठासणीची बंदूक आता फक्त आवाज काढायच्या कामाची उरली आहे, त्यामुळे २०२४च्या जूनमध्ये, लोकसभेची आचारसंहिता उठल्या उठल्या, मी ही बारा बोअरची दुनळी घेतली. मनात हिशेब असा होता की खरं काम ३१५ करेल आणि दुनळी जोडीला, स्वस्तातली. स्वस्तातली म्हणजे काडतूस स्वस्त. ३१५चं एक काडतूस मला बारा बोअरच्या दोन काडतुसांहून महाग पडतं आणि मी प्रत्येक काडतुसाचे पैसे मोजणारा माणूस आहे.

३१५वर माझा जीव आहे, हे लपवत नाही. तिची जन्मकथाही मजेशीर. इंग्रजांनी आपल्या फौजेत चालणारी ३०३सारखी काडतुसं साध्या लोकांना बंद केली, म्हणून हे ८ मिलिमीटरचं काडतूस इथे रुळलं. आणि ते मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचं! आपल्या साहेबाचं काडतूस नको, परक्या साहेबाचं चालेल, असा तो कारभार. ३०३ आजही प्रतिबंधित बोअरमध्येच मोडते. दादा म्हणायचे, "जड गोळी काटक्या मोजत नाही." दाट झाडीत हलकी, वेगवान गोळी भरकटते आणि जड, बोथट गोळी फांद्या कापत सरळ जाते, असं त्यांचं ठाम मत होतं. मीही पंचवीस वर्षं हेच इतरांना ऐकवत आलो.

सप्टेंबरात, गौरी-गणपती बोळवून तिसऱ्या रात्री, मचाणावर ३१५ घेऊन बसलो. दुनळी घरी कुलपात. पावसाने उघडीप दिली होती, चांदणं ढगांतून येऊन-जाऊन होतं. भात दाण्यावर आलेलं. करवंदीच्या जाळीआड काळं काहीतरी हललं, मग दिसलं, मग पुन्हा अर्धं झाकलं गेलं. अंतर तीसेक पावलं. मी चाप ओढला. डूक पळालं, रक्ताचा थेंब नाही.

सकाळी आबा आणि मी जागा बघायला गेलो. मचाणापासून सात-आठ पावलांवर कुड्याची एक बोटभर जाडीची फांदी कापल्यासारखी तुटून लोंबत होती. अंधारात ती मला दिसलीच नव्हती. डुकराचे खूर चिखलात स्पष्ट उमटले होते. आणि त्या खुरांपासून चांगली दीड हात डावीकडे, मागच्या गडग्यातल्या, म्हणजे दगडी कुंपणातल्या, जांभ्याच्या चिऱ्याचा ताजा टवका उडाला होता, आत लालभडक. आबांनी टवक्यात बोट घातलं आणि काही न बोलता गडग्यावरून पलीकडे पाहिलं. मीही पाहिलं. उताराखाली शेजारच्या वाडीची कौलं.

काटकीने गोळी वळते. जड असो, हलकी असो, बोथट असो, टोकदार असो. फांदी डुकराला लागूनच असती तर भरकटायला गोळीला जागा उरली नसती. ती जितकी बंदुकीजवळ, तितकी चूक पुढे वाढत जाते. गडगा नसता तर रायफलची गोळी दोन-तीन किलोमीटर कुठेही गेली असती. मागे काय आहे ते दिसत नसताना मी चाप ओढला ही चूक माझी, रायफलची नाही. पण दुसऱ्या दिवशी ३१५ पिशवीत गेली आणि दुनळी बाहेर आली.

तिला मचाणावर नेण्याआधी पोलीस पाटलांना सांगून, बागेच्या वरच्या कडेला मातीच्या उभ्या दरडीसमोर, मी कागदावर बार काढून पाहिले. वर्तमानपत्राचे दोन मोठे ताव खळीने जोडून उभे केले. एल.जी.चं, म्हणजे मोठ्या छर्ऱ्यांचं काडतूस, माझ्या काडतुसात सहा छर्रे, एकेक नऊ मिलिमीटरच्या आसपास. उजव्या नळीने पंचवीस पावलांवर सहाच्या सहा कागदात, हाताच्या पंजांनी झाकता येतील इतके जवळ. चाळीस पावलांवर त्याच नळीचे दोन. डाव्या, फुल चोकच्या, म्हणजे तोंडाशी आवळलेल्या नळीचे चाळीसवर चार. आठ काडतुसं गेली. एरवी मी एवढी उधळपट्टी कधी केली नसती, पण त्या आठ काडतुसांनी जे शिकवलं ते मला दुकानदाराने सांगितलं नव्हतं. एल.जी. तीस पावलांच्या आतलं काम आहे. त्यापुढे जनावर जखमी करून रानात सोडाल, आणि जखमी डुकरामागे सकाळी करवंदीत घुसणं काय असतं ते आबांच्या पोटरीवरच्या वणाला विचारा.

दुनळीला दोन चाप, हे मी आधी जुनाट समजत होतो. आता तीच मला तिची सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. जवळ आलं तर पुढचा चाप, उजवी नळी. जरा लांब असेल तर मागचा चाप, डावी. बोट दोन सेंटिमीटर मागे सरकलं की काम झालं. ३१५ला जवळ असो वा लांब, एकच नळी, एकच उत्तर.

कागदावरचे बार झाल्यावर एका रात्री दुनळी घेऊन मचाणावर बसलो. अकराला भाताच्या कापातलं, म्हणजे वाफ्यातलं, पाणी खळखळलं, म्हणजे कोणीतरी बांध ओलांडला. मी बंदूक मांडीवरून उचलायला लागलो आणि कडी वाजली.

एकदाच.

खाली खसफस झाली, मग काहीच नाही. आबा शेजारी बसले होते. तंबाखू मळत हळूच म्हणाले, "तुझी बंदूक बोलता रे. डुकरांका आधी कळता, मगे तुका."

तेव्हापासून माझं आणि त्या दुकानदाराचं चालू आहे. दुकान दक्षिण मुंबईत, नाव घेत नाही. पहिल्यांदा फोन केला तर म्हणाला, "घेऊन या, बघू." बंदूक घेऊन लोकलने जायचा माझा विचार नव्हता, म्हणून टॅक्सी. जाऊन-येऊन साडेअकराशे रुपये. त्याने कडी दोन बोटांत धरून हलवली, कानाजवळ नेली आणि म्हणाला, "साहेब, एवढा आवाज तर असतोच." मी म्हटलं, रानात येऊन ऐका. तर म्हणतो, "मग पट्टा लावूच नका ना." गॅरंटी? ती नळीची आणि चापाची, कडीची नाही. मी बिल काढून दाखवलं, त्यात कुठेही कडी वगळल्याचं लिहिलेलं नव्हतं. तो हसला. चहा मागवला, तो मी घेतला नाही. परत येताना त्या साडेअकराशे रुपयांत किती काडतुसं आली असती याचा हिशेब टॅक्सीत दोनदा केला.

मग १५ ऑक्टोबरला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली आणि शस्त्र जमा करायची नोटीस आली. नेमकी कापणीच्या तोंडावर. दोन्ही शस्त्रं तेल लावून, सुती कापडात गुंडाळून, पावती घेऊन जमा केली. २० नोव्हेंबरला मतदान झालं, आणखी काही दिवसांनी ती परत मिळाली. रायफल कापडात होती तशी. दुनळी उघडी. उजव्या नळीवर गंज आला होता आणि त्या गंजात कोणाच्या तरी अंगठ्याचा ठसा अख्खा उमटला होता, रेषा मोजाव्यात इतका स्वच्छ. समुद्राकाठच्या हवेत घामाचं बोट महिनाभर तसंच राहिलं की हेच होणार. पावतीवर "सुस्थितीत" लिहिलं होतं आणि मी सही करून बसलो होतो. रविवारचा अख्खा दिवस शिलाई मशीनचं तेल आणि पितळेची तार घेऊन घासत बसलो, तरी डावीकडून उजेड पडला की अंगठा अजून पुसटसा दिसतो.

कडीला मात्र गंजाचा ठिपकाही नव्हता.

मधल्या काळात डुकरांनी आबांचा खालचा कापा पूर्ण लोळवला. आबा फोनवर त्याबद्दल काही बोलले नाहीत, फक्त विचारलं, "बंदूक मिळाली?"

इथवरचं बरंचसं डिसेंबरात लिहून ठेवलं होतं आणि शेवटी लिहिलं होतं की ही बंदूक घेऊ नका. ते वाक्य आता खोडतो आहे.

फेब्रुवारीत आबांच्या मुलाने नदीकाठी कलिंगडं लावली होती. परवानगीचा नवा कागद आला म्हणून दोन दिवसांची रजा टाकून गेलो. तिठ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा मागितला. त्याने पैसे घेतले नाहीत. तो कापून कडीभोवती तीन वेढे घट्ट गुंडाळला, वर सुतळी. बंदूक कानाजवळ धरून हलवली, उडी मारून पाहिली. गप्प. साडेअकराशे रुपयांची टॅक्सी जे करू शकली नाही ते फुकटच्या ट्यूबने केलं.

दुसऱ्या रात्री, पहाटे तीनच्या सुमारास, एक मोठा नर वेलांमध्ये आला. पाठीमागे नदीची उंच दरड, वाडी पार दुसऱ्या अंगाला. वीस पावलं. मी बंदूक उचलली आणि ती बोलली नाही. पुढचा चाप. तो बांधापर्यंत चालत गेला आणि तिथेच बसला, मग आडवा झाला. दुसरा बार लागला नाही. सकाळी वनखात्याची माणसं आली, मोजमाप झालं, पंचनामा झाला, त्यांच्यासमोरच खड्डा खणून पुरलं. मला त्यात फुशारकी वाटली असं नाही. त्याने अर्धवट फोडलेलं एक कलिंगड बाजूलाच पडलं होतं, त्यावर मुंग्या लागल्या होत्या.

म्हणून आता माझं मत असं. दाट रान, करवंदी, रानमोडी, तीस पावलांच्या पुढचं काही दिसत नाही आणि आजूबाजूला वाड्या, अशी जागा असेल तर बारा बोअर आणि एल.जी. घ्या, आणि आधी कागदावर पाहून घ्या की तुमची नळी छर्रे कुठे टाकते. नळी मिळेल तेवढी आखूड घ्या. माझी लांब आहे, दर वेळी जाळीत अडकते. उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, मागे डोंगर असताना, ३१५ अजूनही माझी लाडकी आहे, पण आमच्या शेतावर तिला काम नाही. काडतुसं स्टीलच्या घट्ट डब्यात ठेवा, बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या त्या ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या फेकू नका, त्या डब्यात टाका.

मागच्या आठवड्यात दुकानदाराचा स्वतःहून फोन आला. नवीन कडी आली आहे, साडेतीनशे रुपये, बसवायचे वेगळे. बसवायचे मी देणार नव्हतो. बंदूक घरी ठेवून लोकलने गेलो, कडी खिशात घालून आणली, रविवारी दुपारी ट्यूब काढून स्वतः बसवली. पट्टा लावला, हॉलमध्ये दोन फेऱ्या मारल्या. पंखा बंद केला आणि पुन्हा दोन मारल्या.

"चमचा पडला काय रे?" आईने आतून विचारलं.

ट्यूबचा तुकडा अजून केराच्या डब्यात वरच होता, काढून धुऊन घेतला.