स्टेलॅरियमचे ‘ऑक्युलर्स’ प्लगइन: जोडताऱ्यांसाठी कामाचे, पण भरवसा जपून

संगणकावर आकाश दाखवणारा स्टेलॅरियम हा प्रोग्राम फुकट आहे आणि त्यातले ऑक्युलर्स प्लगइन (जोड-सुविधा) दुर्बिणीच्या आयपीसमधून, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगातून, किती आकाश दिसेल ते गोल चौकटीत दाखवते. जोडतारे, म्हणजे एकमेकांना चिकटून दिसणारे दोन तारे, पाहायला त्याचा उपयोग होतो. एफ-२ दाबून प्लगइनच्या यादीत ते सुरू करायचे, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडायचा आणि दुर्बिणीचे व आयपीसचे आकडे भरायचे. कंट्रोल-ओ दाबले की चौकट हजर.

८ इंची, १२०० मिमी नाभीय अंतराच्या डॉब्सोनियनला (आरशाच्या दुर्बिणीला) २५ मिमी, ५२ अंशांच्या भासमान क्षेत्राचे प्लॉसल आयपीस लावले, तर ४८ पट वर्धन आणि साधारण १.०८ अंशांचे क्षेत्र मिळते. हंस तारकासमूहातल्या अल्बिरिओ या जोडताऱ्याचे सुमारे ३५ विकलांचे अंतर (अंशाच्या साठाव्या भागाला कला, कलेच्या साठाव्या भागाला विकला म्हणतात) त्यात अठ्ठावीस कलांचे भासते, म्हणजे नुसत्या डोळ्यांना चंद्र जेवढा रुंद दिसतो जवळपास तेवढे. अभिजितशेजारच्या एप्सिलॉन लायरी या दुहेरी जोडताऱ्याच्या आतल्या जोड्या मात्र जेमतेम सव्वादोन-अडीच विकलांच्या. त्यांना ६ मिमी आयपीस, म्हणजे २०० पट वर्धन हवे.

चूक बहुतेकदा फ्लिपमध्ये, म्हणजे चित्र उलटवायच्या पर्यायात होते. डॉब्सोनियनला आडवा आणि उभा दोन्ही टिक करा, नाहीतर जोडीतला दुसरा तारा उलट बाजूला शोधत बसाल. डायगोनल (प्रकाश वळवणारा तिरपा आरसा) लावलेल्या अपवर्तकाला, म्हणजे भिंगाच्या दुर्बिणीला, एकच.

आयपीसच्या छापील अंशांवर विसंबू नका. मृगाच्या पट्ट्यातला मिंटाका हा तारा दुर्बीण न हलवता क्षेत्राच्या मध्यातून सरकू द्या. कडेपासून कडेपर्यंत लागलेल्या मिनिटांना चारने भागा, तेच अंशांतले खरे क्षेत्र. वरच्या दुर्बीण व २५ मिमी आयपीसला ४ मिनिटे २० सेकंद यायला हवेत.

उणीव एकच, पण मोठी: पडद्यावरचा ठिपका तेजानुसार रंगवलेला असतो. हवेची थरथर त्यात नसते, म्हणून जोडी फुटेल, म्हणजे दोन तारे वेगळे दिसतील, की नाही ते हे प्लगइन सांगत नाही.