उत्पन्नाचा दाखला: अर्ज सुलभ, अडले ते सहीपाशी

मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता, म्हणून गेल्या जूनमध्ये मी तालुक्याच्या गावी सेवा केंद्रातून ऑनलाइन अर्ज केला. सेवेची ही बाजू चोख आहे. शिधापत्रिका, तलाठ्यांचा उत्पन्नाचा अहवाल आणि स्वयंघोषणापत्र एवढ्यावर अर्ज दाखल झाला. 9 मार्च 2015 च्या शासन निर्णयाने स्वयंसाक्षांकनाला मान्यता दिल्यापासून झेरॉक्स प्रतींवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही मिळवत हिंडावे लागत नाही, आणि सहीचा अधिकार थेट नागरिकाकडे सोपवणारा तो निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

लिपिक आणि अव्वल कारकून यांच्या टेबलांवरून अर्ज चार दिवसांत पुढे सरकला आणि शेवटच्या सहीपाशी थांबला. तहसीलदारांची बदली झाली होती; अतिरिक्त कार्यभार शेजारच्या तालुक्यातील अधिकाऱ्यांकडे दिला होता, परंतु त्यांची डिजिटल स्वाक्षरी या कार्यालयासाठी प्रणालीत जोडलेली नव्हती.

कागदाच्या काळात अशा वेळी ‘करिता’ची सोय होती. अधिकारी स्थळप्रतीवर, म्हणजे कार्यालयात राहणाऱ्या प्रतीवर, सही करत आणि बाहेर जाणाऱ्या प्रतीवर ‘स्थळप्रतीवर मा. तहसीलदार यांची सही असे’ असा शिक्का मारून कनिष्ठ कर्मचारी ‘तहसीलदार करिता’ सही करत. निर्णय अधिकाऱ्याचा आणि हात दुसऱ्याचा, हे त्या कागदावरच दिसत असे. डिजिटल स्वाक्षरीत ‘करिता’ नाही. साहेबांचा डोंगल (डिजिटल स्वाक्षरी साठवलेले, संगणकाला जोडायचे छोटे उपकरण) आणि पासवर्ड दुसऱ्याने वापरला, तर त्याला अधिकार सोपवणे म्हणता येणार नाही, कारण माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 42 नुसार स्वाक्षरीची खासगी कळ (सही करण्यासाठी लागणारा गुप्त संकेत) स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची जबाबदारी स्वाक्षरीधारकाचीच असते. म्हणून उपाय एकच उरतो: नायब तहसीलदारांना लेखी आदेशाने प्राधिकृत करून त्यांच्या स्वतःच्या नावाने आणि पदनामाने सही होऊ देणे. कार्यभाराच्या आदेशासोबत त्याच दिवशी हे झाले असते, तर एकही अर्ज अडला नसता.

या दाखल्याची मुदत 15 दिवसांची आहे. सोळाव्या दिवशी मी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली प्रथम अपील दाखल केले. या कायद्यानुसार पदनिर्देशित अधिकारी (सेवा देण्यास जबाबदार अधिकारी) कोण आणि अपील कोणाकडे करायचे, हे कार्यालयाने फलकावर लावायचे असते, आणि सबळ कारणाशिवाय विलंब केल्यास 500 ते 5000 रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. आमच्या कार्यालयातील फलकावर मात्र बदलून गेलेल्या अधिकाऱ्यांचेच नाव होते, आणि मला सर्वांत जास्त खटकले ते हेच. माझ्यासारखेच आणखी सात-आठ पालक त्या फलकासमोर उभे होते आणि कोणाला विचारायचे हे त्यांच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते.

अपिलानंतर तिसऱ्या दिवशी नायब तहसीलदारांच्या डिजिटल स्वाक्षरीचा दाखला मिळाला. महाविद्यालयाने तो पडताळून लगेच स्वीकारला. अर्ज करणाऱ्यांनी पोचपावती घेतानाच सध्या सही कोणाची चालते हे विचारून घ्यावे आणि पावतीवरील मुदतीची तारीख संपताच अपील करावे.