जुन्या बिलिंग कोडवर सोनारक्यूब: अनेक महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सोनारक्यूब हे लिहिलेला कोड न चालवता तपासून त्यातील दोष दाखवणारे साधन आहे. त्याची मोफत आवृत्ती, जी आता ‘कम्युनिटी बिल्ड’ या नावाने मिळते, आम्ही २०२५ च्या उन्हाळ्यापासून रोजच्या कामात वापरत आहोत. नागपुरातील आमचा छोटा चमू इतवारी, गांधीबाग आणि कळमना भागातील व्यापाऱ्यांसाठी बिलिंगची व साठ्याची प्रणाली सांभाळतो. तिचा सर्व्हर जावामध्ये आहे, स्क्रीन जावास्क्रिप्टमध्ये आहेत आणि काही हिशेब पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसच्या प्रोसिजरमध्ये, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेल्या कोडमध्ये, होतात. हा कोड गेल्या काही वर्षांत अनेकांच्या हातून गेला आहे. ग्राहकाने नवी सोय मागितली की तिच्या जवळपासची फाइल उचलायची, नाव बदलायचे आणि हवा तेवढा फरक करायचा, अशाच रीतीने तो वाढला आहे. सोनारक्यूब सुरक्षेच्या त्रुटींपासून टेस्टच्या व्याप्तीपर्यंत बरेच काही तपासते, परंतु येथे मी कोडची पुनरुक्ती आणि गुंतागुंत या दोनच बाबींविषयी लिहीत आहे, कारण आम्ही ते त्यांच्यासाठीच घेतले होते.

बसवणे अवघड नाही. ऑफिसातल्या एका जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स आणि पोस्टग्रेस्क्यूएल टाकून ते ९००० या पोर्टवर चालू करता येते. सोबत येणारा एच-टू डेटाबेस केवळ चाचणीपुरता आहे, तो खऱ्या कामासाठी वापरू नये. त्याच्या आतले इलास्टिकसर्च हे शोधयंत्र चालावे म्हणून लिनक्सच्या एका मेमरी मर्यादेचा आकडा वाढवावा लागतो आणि सुरुवातीला बहुतेक जण तेथेच अडतात.

पुनरुक्ती ते कशी मोजते हे आधी समजून घेणे आवश्यक आहे, नाहीतर पडद्यावरच्या टक्केवारीचा चुकीचा अर्थ लावला जातो. जावामध्ये सलग किमान १० विधाने दोन ठिकाणी सारखी आढळली की ती पुनरुक्ती मानली जाते. ओळींची मांडणी आणि अवतरणातील मजकूर वेगळा असला तरी तो फरक धरला जात नाही. जावास्क्रिप्टसारख्या भाषांत किमान १० ओळींत पसरलेले सलग १०० टोकन (कोडमधील शब्द, चिन्हे असे सुटे घटक) सारखे असावे लागतात. म्हणजे आठ-नऊ विधानांची नक्कल कितीही ठिकाणी असली तरी ती सुटते, आणि कोणी नक्कल करताना व्हेरिएबलची नावे बदलली असतील तर तीही सुटते. या दुसऱ्या प्रकारासाठी आम्ही पीएमडी या मुक्त प्रकल्पातील सीपीडी हे साधन जोडीला घेतले. टोकनची किमान संख्या त्यात आपल्याला ठरवता येते आणि नावांमधील फरक दुर्लक्षित करण्याचा पर्यायही त्यात आहे. आमच्या कोडमध्ये तो पर्याय चालू केल्यावरच खरे चित्र दिसले.

त्या चित्रातील सर्वांत महत्त्वाचा भाग जीएसटीच्या हिशेबाचा होता. नागपूरच्या व्यापाऱ्याचा माल रोज छिंदवाडा, शिवनी, बालाघाट आणि राजनांदगावकडे जातो, त्यामुळे एकाच दिवसाच्या बिलांत राज्यांतर्गत आणि आंतरराज्य असे दोन्ही व्यवहार असतात. माल महाराष्ट्रातच राहिला तर कर केंद्र आणि राज्य यांच्यात निम्मा-निम्मा विभागला जातो, आणि तो मध्य प्रदेशात किंवा छत्तीसगडमध्ये गेला तर आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य व्यवहारावरचा एकत्रित कर, लागतो. ग्राहकाच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक, म्हणजे २७, २३ किंवा २२, पाहून फाटा ठरवणारा हा कोड विक्रीबिल, क्रेडिट नोट, कोटेशन आणि मासिक अहवाल अशा चारही ठिकाणी स्वतंत्रपणे लिहिलेला होता. तो एकत्र आणावा हे कोणालाही पटेल; परंतु एकत्र आणताना जे समोर आले ते कोणत्याही अहवालात लिहिलेले नव्हते.

रिफॅक्टरिंगची मूळ अट अशी आहे की कोडची आतील रचना बदलावी, बाहेरून दिसणारे वर्तन बदलू नये. ही अट पाळायची तर आधी सध्याचे वर्तन नेमके काय आहे ते पकडून ठेवावे लागते. आम्ही जुनी बिले, नावे काढून, नमुना म्हणून घेतली आणि जुन्या कोडचे उत्तर जसे येते तसेच टेस्टमध्ये नोंदवले, मग ते बरोबर असो वा नसो. या टेस्ट, चारही ठिकाणचा हिशेब ज्यात एकत्र आणला त्या नव्या सामाईक क्लासवर (कोडच्या एककावर) चालवल्या तेव्हा पैशांचे फरक निघाले. एका प्रतीत अर्धा पैसा नेहमी वर नेला जात होता आणि दुसऱ्या प्रतीत तो जवळच्या सम अंकाकडे नेला जात होता. ५ रुपयांच्या रकमेवर २.५ टक्के कर साडेबारा पैसे होतो. पहिल्या रीतीने त्याचे १३ पैसे होतात आणि दुसऱ्या रीतीने १२. शिवाय एक प्रत प्रत्येक ओळीला पूर्णांकन करत होती आणि दुसरी संपूर्ण बेरजेला.

अशा वेळी हातासरशी ‘बरोबर’ रीत निवडून टाकण्याचा मोह होतो, आणि तो टाळणे हा या सगळ्या कामातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता. आम्ही दोन्ही रीतींना स्पष्ट नावे देऊन त्या सामाईक क्लासमध्ये तशाच ठेवल्या, म्हणजे एकही जुने बिल बदलले नाही. त्यानंतर ग्राहकांच्या लेखापालांशी बोलून, वेगळ्या कमिटमध्ये (कोडमधील बदलाच्या नोंदीत), वेगळा बदल म्हणून एकच रीत लागू केली. रचनेचा बदल आणि वर्तनाचा बदल एकाच कमिटमध्ये मिसळले असते तर पुढे एखाद्या बिलात फरक निघाल्यावर त्याचे कारण शोधणे जवळपास अशक्य झाले असते.

या कामाची कसोटी २२ सप्टेंबर २०२५ रोजी लागली. त्या दिवसापासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांश वस्तूंसाठी संपले. तूप आणि पॅकबंद नमकीन १२ वरून ५ टक्क्यांवर, बिस्किटे १८ वरून ५ टक्क्यांवर आली, म्हणजे इतवारीतल्या किराणा ओळीतील निम्मी यादी एका रात्रीत बदलली. दर आता तारखेनुसार एकाच तक्त्यातून येत असल्याने जावाच्या बाजूला हा बदल केवळ नोंदींचा राहिला. क्रेडिट नोटची अडचणही आपोआप सुटली, कारण सप्टेंबरच्या आरंभी विकलेला माल ऑक्टोबरमध्ये परत आला तर त्यावर मूळ बिलाचाच दर लागतो, आणि सामाईक क्लास आजची तारीख न घेता मूळ बिलाची तारीख घेतो.

तथापि याच दिवसांत साधनाची खरी मर्यादाही स्पष्ट झाली. कोटेशनच्या स्क्रीनवर रक्कम लगेच दिसावी म्हणून तोच हिशेब जावास्क्रिप्टमध्येही लिहिलेला होता, आणि वार्षिक अहवालाच्या एका प्रोसिजरमध्ये १८ टक्के हा आकडा थेट टंकलेला होता. नियम एकच, परंतु तीन भाषांत तीन वेळा लिहिलेला. आणि मजकूर सारखा नसल्यामुळे सोनारक्यूब व सीपीडी या दोघांच्याही दृष्टीने तेथे पुनरुक्ती नव्हतीच. ती आम्ही आकडे शोधून आणि प्रत्येक नियम कोठे कोठे राहतो याची यादी हाताने करून काढली. ही साधने सारखा मजकूर दाखवतात. सारखे ज्ञान कोठे दोनदा लिहिले आहे हे त्यांना कळत नाही, आणि महागात पडते ती बहुधा हीच दुसरी पुनरुक्ती.

याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. हमालीचा हिशेब आणि ट्रकच्या भाड्याचा हिशेब हे दोन्ही वजनाच्या टप्प्यांवर चालतात, त्यामुळे अहवालात ते जवळजवळ शब्दशः नक्कल म्हणून लाल दिसतात. परंतु हमाली बाजारातल्या ठरावाने बदलते आणि भाडे व्यापारी व वाहतूकदार यांच्या कराराने. ते एकत्र केले असते तर पहिल्याच बदलाला त्या सामाईक मेथडमध्ये (एक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यात) अट घालावी लागली असती, दुसऱ्या बदलाला आणखी एक, आणि शेवटी दोन सोप्या मेथडऐवजी एक अवघड मेथड उरली असती. म्हणून आम्ही त्या वेगळ्याच ठेवल्या. सोनारक्यूबमध्ये एखादी विशिष्ट पुनरुक्ती तपासून ‘मान्य’ म्हणून नोंदवण्याची सोय नाही. संपूर्ण फाइल पुनरुक्तीच्या मोजणीतून वगळावी लागते. सीपीडीमध्ये मात्र कोडच्या तेवढ्याच भागाभोवती टिप्पणी लिहून तो वगळता येतो, आणि का वगळला याचे कारणही तेथेच लिहिता येते. ही सोय मला फार मोलाची वाटते.

गुंतागुंतीबाबत सोनारक्यूबचे काम अधिक उजवे आहे. थॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये मांडलेला सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटीचा आकडा कोडमधील स्वतंत्र वाटा मोजतो, त्यामुळे दहा पर्यायांचे साधे, सरळ स्विच विधानही त्यात अवघड ठरते. सोनारक्यूब बनवणाऱ्या सोनार कंपनीची कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी संपूर्ण स्विचसाठी एकच गुण धरते, परंतु अटीच्या आत अट आणि तिच्या आत लूप आला की प्रत्येक पातळीला जास्त गुण लावते. वाचणाऱ्याला नेमका तेथेच त्रास होतो, म्हणून हा आकडा आम्हाला विश्वासार्ह वाटला. जावासाठी एका मेथडची मर्यादा मुळात १५ ठेवलेली आहे.

बिल जतन करण्याची आमची मेथड या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे होती. ‘ग्राहक नोंदणीकृत नसेल’, ‘साठा अपुरा असेल’, ‘बिल रद्द झालेले असेल’ अशा अपवादांची तपासणी आरंभीच करून तेथूनच परत फिरायचे, एवढ्यानेच आतल्या दोन-तीन पातळ्या नाहीशा झाल्या. उरलेले भाग इंटेलिजे आयडिया या आयडीईतील (कोड लिहिण्याच्या साधनातील) एक्स्ट्रॅक्ट मेथड या आज्ञेने, म्हणजे कंट्रोल-ऑल्ट-एमने, वेगळे काढले. हाताने कापून चिकटवण्यापेक्षा ही रीत निश्चितच सुरक्षित आहे, कारण कोणती व्हेरिएबल आत जातात आणि काय परत येते हे आयडीईच ठरवते. मात्र आकडा १५ च्या खाली आणण्यासाठी मेथड मध्येच तोडून तिला ‘भाग दोन’ असे नाव देण्याची प्रवृत्ती नव्या सहकाऱ्यांमध्ये लगेच दिसते. ती आम्ही रिव्ह्यूमध्ये नाकारतो. वेगळ्या काढलेल्या तुकड्याला व्यवसायातले नाव देता येत नसेल, तर तो तुकडा चुकीच्या जागी कापला आहे असे समजतो. येथे आणखी एका नियमाची मदत झाली. ७ पेक्षा जास्त पॅरामीटर (बाहेरून द्यायच्या बाबी) असलेल्या मेथडवर सोनारक्यूब हरकत घेते. वेगळ्या काढलेल्या मेथडला विक्रेत्याचे राज्य, ग्राहकाचे राज्य, तारीख, दर, सवलत, पूर्णांकनाची रीत असे सगळे द्यावे लागत होते, आणि ती हरकत पाहूनच या साऱ्या गोष्टी मिळून ‘कराचा संदर्भ’ असा एक स्वतंत्र क्लास असायला हवा हे लक्षात आले.

मोफत आवृत्तीत कोडच्या एकाच शाखेचे (समांतर प्रतीचे) विश्लेषण होते. पुल रिक्वेस्टवर, म्हणजे बदल मुख्य शाखेत घेण्याच्या विनंतीवर, निकाल दाखवण्याची सोय सशुल्क आवृत्त्यांत आहे. सोनारचे आयडीईतले प्लगइन गुंतागुंत लिहिता लिहिता दाखवते, पण पुनरुक्ती दाखवत नाही. त्यामुळे विलीनीकरणाआधी सीपीडी आणि नंतर मुख्य शाखेवर सोनारक्यूब अशी व्यवस्था आम्ही केली आहे. क्वालिटी गेट, म्हणजे कोड स्वीकारण्याची किमान कसोटी, मुळातच केवळ नव्या कोडपुरते आहे, ही या साधनाची सर्वांत शहाणपणाची रचना म्हणावी लागेल: नव्या कोडमध्ये पुनरुक्ती ३ टक्क्यांपेक्षा जास्त नको, टेस्टची व्याप्ती किमान ८० टक्के हवी. जुन्या कोडचा संपूर्ण डोंगर समोर ठेवला असता तर छोट्या चमूने पहिल्याच आठवड्यात हात टेकले असते. या रचनेमुळे ज्या फाइलला काही कारणाने हात लागतो तेवढीच सुधारते, आणि ज्या फाइलला वर्षानुवर्षे कोणी शिवलेले नाही ती तशीच राहते, जे योग्यच आहे.

अहवालांच्या प्रोसिजर अजून बाकी आहेत. त्यांना नमुना-बिलांवरच्या टेस्टचे संरक्षण नाही आणि मोफत सोनारक्यूब त्या तपासत नाही, म्हणून त्यांतील कराचा हिशेब जावाच्या सामाईक क्लासकडे आणण्याचे काम आम्ही व्यापाऱ्यांचे मार्चअखेरचे हिशेब पूर्ण झाल्यावरच हाती घेणार आहोत.