फोम लावू की रॉकवूल?

अमळनेरच्या भाच्याने घरातल्या दहा बाय बाराच्या खोलीत अहिराणी गाणी रेकॉर्ड करायला घेतली आहेत. वर स्लॅब, खाली फरशी, भिंती कोऱ्या. टाळी वाजवली की आवाज झणझणत राहतो. भिंतींना फोम लावू की रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंच्या जाड लाद्या, हा त्याचा प्रश्न.

आधी एक सांगतो. यातलं काहीही बाहेरच्या डीजेला अडवणार नाही. हे साहित्य खोलीतला घुमणारा आवाज शोषतं, एवढंच.

फोम स्वस्त, हलका, गोंदाने तासाभरात चिकटतो. पण इंचभर फोम टाळीची झणझण खातो आणि ढोलाचा खर्ज तसाच सोडतो. खर्जातल्या १०० हर्ट्झच्या ध्वनिलाटेची लांबी जवळपास ३.४ मीटर, तिथे इंचाचं काय चालणार? आपल्या उन्हाळ्यात तो काही वर्षांत पिवळा पडून भुगा व्हायला लागतो. मला खरी भीती आगीची वाटते. साधा फोम झटकन पेटतो, धूर विषारी असतो, आणि या खोलीत वायरींचं जाळं आहे.

रॉकवूल जळत नाही. लाकडी चौकटीत चार इंची थर, वर सुती कापड, भिंतीपासून दोन-तीन इंच अंतर. मग खर्जही बराच आवरतो. सुताराची मजुरी मात्र धरावी लागते. भरताना मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, तंतू अंगाला फार खाजतात.

नुसतं बोलणं रेकॉर्ड करायचं असेल तर दोन्ही नको, जाड गोधड्या टांगल्या तरी भागेल. भाड्याची खोली असेल तर आग न धरणारा, दोन इंची फोम चौकटीवर लावून घ्यावा. भाच्याची खोली घरची आहे, ढोल-संबळ वाजणार आहेत. त्याने रॉकवूलच घ्यावं, आणि सुरुवात कोपऱ्यांपासून करावी.