सहा गठ्ठा पद्धत, नऊ महिन्यांनी: दुसऱ्या गठ्ठ्याकडे लक्ष ठेवा

साताऱ्यातल्या एका तालुका कार्यालयाच्या टेबलावर नऊ महिने रोज वापरल्यानंतरचा हा अनुभव. पद्धत जुनीच. 2017 मध्ये पुण्याचे विभागीय आयुक्त असताना चंद्रकांत दळवी (आपल्या खटावमधल्या निढळचे) यांनी झिरो पेंडन्सी (प्रलंबित कामं शून्यावर आणायच्या) मोहिमेत तिला पुन्हा जोर दिला.

टेबलावरचा प्रत्येक कागद सहापैकी एका गठ्ठ्यात जातो: प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन (दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारी), नियतकालिके (ठरावीक मुदतीने पाठवायचे अहवाल), स्थायी आदेश संचिका (कायम लागणाऱ्या आदेशांची फाईल), अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायचे ड वर्गाचे कागद. सातवा गठ्ठा ‘बघू नंतर’ नावाचा. तो ड्रॉवरमध्ये असतो आणि तपासणीच्या दिवशीच सापडतो.

सुरुवात कंटाळवाणी आहे. कपाट एकदाच पूर्ण रिकामं करायचं, टप्प्याटप्प्याने केलं तर जुनं-नवं पुन्हा मिसळतं. कागद किती काळ जपायचा त्यावरून वर्ग लावताना अ म्हणजे कायम, ब म्हणजे 30 वर्षे, क-1 म्हणजे 10 वर्षे, क म्हणजे 5 वर्षे आणि ड म्हणजे 1 वर्ष. शंका आली तर वरचा वर्ग लावा. ड मधलं काहीही यादी करून साहेबांची सही घेतल्याशिवाय फाडू नये. पाटण-जावळीकडे पावसाळ्यात रुमालांना (गठ्ठे बांधायच्या कापडांना) ओल धरते. नवा लाल रुमाल तर कागदावर रंगही सोडतो, म्हणून आधी धुऊन वापरावा. रॅक भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावा आणि सर्वांत खालचा खण मोकळा ठेवावा.

खरी गळती दुसऱ्या गठ्ठ्यात. दुसऱ्या कार्यालयाकडून अहवाल मागवला की नस्ती (फाईल) प्रतीक्षाधीन होते आणि सोमवारच्या गोषवाऱ्यात (आठवड्याच्या कामाच्या तक्त्यात) प्रलंबितचा आकडा खाली येतो. काम मात्र तसूभर हललेलं नसतं. आकडा सुंदर दिसावा म्हणून नस्त्या इकडे सरकवायचा मोह सगळ्यांनाच होतो.

त्यावर उपाय स्वस्त आहे. साधे 31 फोल्डर घ्या आणि त्यांवर 1 ते 31 आकडे टाका. पत्र जावक झालं की नस्तीच्या फ्लॅपवर पेन्सिलीने स्मरणपत्राची तारीख लिहा आणि स्थळप्रत (कार्यालयात ठेवायची पत्राची प्रत) त्या तारखेच्या फोल्डरमध्ये टाका. रोज सकाळी आवक उघडण्याआधी त्या दिवसाचा फोल्डर रिकामा करायचा. तारीख सुट्टीवर येत असेल तर प्रत आदल्या कामाच्या दिवशी टाका, नाहीतर ती थेट पुढच्या महिन्यात हाती येते. कारकून रजेवर गेला की हेच आधी कोलमडतं. शेजारच्या टेबलाला फोल्डर कुठे आहेत एवढं तरी माहीत हवं.

दुसरी नासाडी त्रुटीपत्रांची, म्हणजे अर्जात काय कमी आहे ते कळवणाऱ्या पत्रांची. आज रेशनकार्डाची प्रत मागायची, आठवड्याने स्वयंघोषणापत्र आणि मग फोटो. प्रत्येक खेपेला आवक-जावक, टिपणी आणि अर्जदाराचं एसटीचं भाडं. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमात मुदत परिपूर्ण अर्जापासून मोजली जाते, त्यामुळे एकेक त्रुटी काढणारं टेबल कागदोपत्री मुदतीत राहतं. आता खिडकीवरच तपासणी यादी ठेवून सगळ्या त्रुटी एकाच कागदावर देतो. अर्ज घेताना थोडा जास्त वेळ जातो आणि रांगेत कुरकुर होते, पण तोच माणूस तिसऱ्यांदा खिडकीवर येत नाही.

नियतकालिके आणि स्थायी आदेश यांबद्दल तक्रार नाही. जुना आदेश रद्द झाला की त्याच दिवशी संचिकेतून काढावा, इतकंच.

पाचपैकी चार गुण. एक कापला, कारण प्रतीक्षाधीन नस्ती किती दिवसांची आहे ते गोषवाऱ्यात दिसत नाही. आम्ही शेजारी पेनाने एक रकाना आखून घेतलाय: ‘शेवटचं स्मरणपत्र कधी’.